सतरंजीचं दुसरं टोक

आमच्या पक्षाला परवा अचानक कार्यकर्ता आठवला. वरून आदेश आला: मिस्ड कॉलवरचे सभासद बंद, आता घरोघरी जाऊन माणसं जोडायची आणि प्रत्येक गावात पहिला फॉर्म सर्वांत जुन्या कार्यकर्त्याचा भरायचा. तालुकाध्यक्ष म्हणून मी तो आदेश दोनदा वाचला.

मागच्या खेपेला मोबाइलच्या दुकानात बसून आम्ही दोन दिवसांत अकरा हजार सभासद केले होते. निवडणुकीत मतं पडली चार हजार. म्हणजे सभासदांनीसुद्धा आम्हाला मत दिलं नाही, पण साताऱ्यात माझा सत्कार झाला होता आणि मी फेटा बांधून घेतला होता.

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात सर्वांत जुना कार्यकर्ता म्हणजे आण्णा. सभेआधी सतरंज्या अंथरायच्या आणि सभेनंतर उचलायच्या, हे त्यांनी तीस वर्षं केलं. मग एकदा पंचायत समितीची आमची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली आणि आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी मात्र आठवड्यापूर्वी पक्षात आलेल्या माणसाला तिकीट देऊन बसलो होतो. भरल्या बैठकीत मी म्हणालो, "आण्णा, तुमी निवडून आलासा तर सतरंज्या कोण उचलणार?"

सगळे खो खो हसले. आण्णाही हसले. बैठक संपल्यावर सतरंज्या गोळा केल्या, उसवलेली एक शिवायला घरी घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही. आता त्यांच्या सहीशिवाय गावात दुसरा कुणी फॉर्मला हात लावणार नव्हता.

गेलो. खरं सांगायचं तर घर विचारत जावं लागलं. तीस वर्षं तेच माझ्याकडे यायचे.

आण्णांच्या बायकोनं, आक्काताईंनी, दार उघडलं. आण्णा आतून एक सतरंजी घेऊन आले आणि झटकून अंथरली. पक्षाचीच होती. धुतलेली, कडेनं नीट शिवलेली.

"बसा, अध्यक्ष."

मी बसलो. चहा आला. मी पक्ष, बदल, नवं धोरण असं बरंच बोललो. आण्णा ऐकत होते. त्यांचा मुलगा राजरत्न सांगलीला कॉलेजात शिकवतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी फॉर्म पुढं केला आणि म्हणालो,

"आण्णा, त्या दिशी लय चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "पर तुमी हसला त्येचं मला काय न्हाई. तुमी अध्यक्ष, हसायचासाच. मी बी हसलो, त्येचं वाटतंय. राजरत्न दारात हुबा हुता तवा. त्येनं बघितलं."

आक्काताई कप उचलून आत गेल्या.

"सही न्हाई करत मी. आनि ही तुमची सतरंजी. लय दिस ठिवली, कुणीतरी न्यायला ईल म्हणून. आज आलासा, न्या."

मी उठलो आणि घडी घालायला लागलो. पंधरा फुटांची सतरंजी एकट्याला आवरत नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी समजलं. एक टोक धरलं की दुसरं जमिनीवर फरफटायचं. आण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग वाकून त्यांनी दुसरं टोक उचललं, ताणलं, आणि माझ्याकडे चालत आले. त्यांच्या हातातली टोकं माझ्या हातात आली. तेवढ्यापुरते आम्ही समोरासमोर उभे होतो. मला त्यांचे हात धरायचे होते. पण माझे हात सतरंजीनं भरलेले होते, आणि आण्णांनी आपले सोडवून घेतले.

सतरंजी खांद्यावर टाकून निघालो. खिशातला फॉर्म कोराच होता. चावडीपाशी चार माणसं बसली होती. त्यातला सूरज ओरडला, "काय अध्यक्ष, आज तुमीच उचलली व्हय?"

सगळे हसले. थांबून काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण तोंडातून शब्द फुटायच्या आत मीही हसलो होतो.