वचन न घेणारा लॅपटॉप

दिल्लीत सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, दारात शेजारच्या आंटीजी, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं. आत पाटावर हळदकुंकू वाहिलेला, झेंडूचा हार घातलेला एक लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर हात जोडून बसलेल्या सरलाताई.

"मिट गया! कल ही तो लिखा था!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी हात जोडले.

मयुरा नुकतीच नोएडाहून मेट्रोने आली होती. टाचा उंचावून ती गर्दीवरून आत पाहू लागली. तो लॅपटॉप तिच्या वडिलांचा, अप्पांचा. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा, आवाज जायच्या आधी, अप्पांनी चाळीस दिवस रोज त्यात काहीतरी बोलून ठेवलं होतं. आठवणी, आईची चेष्टा, मयुराला मारलेल्या हाका. आता अप्पाही नव्हते आणि त्या आवाजाची दुसरी प्रतही कुठे नव्हती. "काढू पुढच्या आठवड्यात," असं म्हणत मयुरानेच ते काम दोन वर्षं ढकललं होतं. आणि बाई शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतात!

अप्पांच्या दहाव्याला निगमबोध घाटावर कावळा पिंडाला शिवेना. तास दीड तास घरच्यांनी नाना वचनं दिली, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून तो शिववला. तेव्हापासून मयुराच्या आईच्या, सरलाताईंच्या, मनाने घेतलं होतं, की यांची काहीतरी इच्छा राहिली. त्यात गेल्या महिन्यापासून लॅपटॉप विचित्र वागायला लागला. लिहिलेलं, बंद करून चालू केलं की गायब. पुसलेली फाइल परत हजर. ही बातमी यंत्रानंद महाराजांच्या कानावर गेली आणि ते धावत आले. न येऊन कसं चालेल?

महाराज ग्वाल्हेरकडचे मराठी. अंगात भगवी कफनी, मनगटावर महागडं घड्याळ.

"आत्मा यंत्रात अडकलाय, माताजी," ते म्हणाले. "घाटावर मानलं नाही, ते इथे मानणार. वचन लिहायचं, बंद करायचं, चालू करायचं. टिकलं तर मान्य, गेलं तर याहून मोठं हवं. बिल्कुल सिंपल!"

अन्नदानाचं वचन पुसलं गेलं होतं. आज सोन्याच्या पाटल्या देण्याचंही गेलं. आता उरला होता अप्पांचा गाझियाबादचा बंद फ्लॅट, तो महाराजांच्या आश्रमाला द्यायचा. एवढं मोठं वचन पेलायचं म्हणून महाराजांनी झोळीतून एक पेनड्राइव्ह काढला. त्याला रुद्राक्ष चिकटवलेला.

"ही शक्ती जोडली की टिकणार. मग आत्मा मुक्त, आणि संध्याकाळी यंत्राचं यमुनेत विसर्जन."

"विसर्जन?" मयुरा गर्दीत घुसली. "आई, बंद करू नकोस! हा अडकायला लागला कधीपासून?"

"दिवाळीपासून," सरलाताई चाचरत म्हणाल्या. "फाइल उघडायला वेळ लागायचा. मग मध्येच निळा पडदा. परवा तर डिस्कच सापडत नाही म्हणाला."

"रुसवा!" महाराज म्हणाले.

"रुसवा कसला, म्हातारपण!" मयुरा तडकली. "आई, याच्यातल्या डिस्कला फिरणारी चकती नाही. बारीक कप्पे असतात, त्यांत विजेचा भार कोंडून माहिती ठेवतात. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, मग झिजतो. राखीव कप्पे असतात, पण तेही संपतात. मग काही डिस्क लिहिणंच बंद करतात, नुसतं वाचू देतात. तू लिहिलेलं तात्पुरत्या मेमरीत दिसतं, बंद केलंस की जातं. जुन्या डिस्क मरताना निदान करकरायच्या, ही मुकाट मरते. आणि दर वेळी बंद करून चालू करताना भीती असते, की या खेपेला उठणारच नाही. मला आधी अप्पांचा आवाज उतरवून घेऊ दे." तिने पिशवीतून प्रश्नपत्रिका ठेवायची, बाहेरून जोडायची डिस्क काढली.

सरलाताईंनी लॅपटॉपला दोन्ही हातांनी कवटाळलं. "हात लावू नकोस! त्यांची मुक्ती अडेल. महाराजांच्या शक्तीने टिकणार आहे ना वचन?"

"टिकेल! कारण ते लॅपटॉपवर नाही, यांच्या पेनड्राइव्हवर लिहिलं जाणार आहे."

"मग दाखव," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दाखव मला."

दाखवायचं म्हणजे पुन्हा बंद करून चालू करायचं. पण न दाखवावं, तर संध्याकाळी यमुना होतीच. तिने लॅपटॉपमध्ये लिहिलं, 'महाराज खरे आहेत.' पेनड्राइव्हवर लिहिलं, 'महाराज लबाड आहेत.' मोठ्याने वाचून दाखवलं आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला तो काळाच राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. महाराज पुटपुटायला लागले. मग एकदाचा उजेड आला.

'महाराज खरे आहेत' गायब झालं होतं. 'महाराज लबाड आहेत' जसंच्या तसं.

"अच्छा जी!" आंटीजी खदखदून हसल्या. "भाईसाहब ने तो फ़ैसला सुना दिया!"

सगळी खोली हसली. महाराजांनी रुद्राक्ष उपटला आणि चपला शोधत जिना गाठला. सरलाताईंनी हार काढून बाजूला ठेवला आणि सरकून मयुराला जागा करून दिली.

मयुराने एकेक फाइल उतरवायला घेतली. पहिल्या पटापट आल्या. पुढे एकेकीला दहा दहा मिनिटं लागायला लागली. अकरावी आली. बारावी अर्ध्यात अडकली, निळा पडदा आला, आणि त्यानंतर लॅपटॉपला डिस्क दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"आई, मी बंद केला नसता तर..." परत येताना मयुरा म्हणाली.

"तू एकदा केलास. मी महिनाभर रोज करत होते," सरलाताई म्हणाल्या. "आणि यांची मुक्ती अडेल या भीतीने करत होते, वेडी मी."

संध्याकाळी आंटीजींनी दारातून विचारलं, भाईसाहब को मुक्ति मिली क्या? सरलाताईंनी त्यांना आत बसवून अप्पांची पहिली फाइल लावली. अप्पा आमटीत मीठ जास्त झाल्याबद्दल कुरकुरत होते. आंटीजींना मराठी कळत नव्हतं, तरी त्या हसल्या.

"चाळीस होत्या, अकरा राहिल्या," सरलाताईंनी त्यांना हिंदीत सांगितलं. "एकोणतीस कुठल्या आत्म्याने नेल्या नाहीत. मशीन महिनाभर सांगत होतं की ते मरतंय, आणि मी त्याला कुंकू लावत बसले. काही कळलं नाही, तर हात जोडण्याआधी कुणा जाणत्याला विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही. तुमच्या नातवंडांचे फोटो फोनमध्येच आहेत ना? आत्ता घरी जा आणि दुसरी प्रत काढा."

आंटीजी चहा अर्धा टाकून उठल्या.