चौदा इंच मागे

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला गवंडी-सुतार जो गुण्या लावतात, तो हा वेल्डर सदानकदा मागच्या खिशात बाळगायचा, म्हणून लोकांनी तेच नाव ठेवलं. पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशिनं, छताच्या गर्डरला टांगलेली चेन-पुली एवढाच त्याचा संसार. पण डोंगरातल्या शर्यतींसाठी गाडी बांधून घ्यायची तर गुण्याकडूनच, असं त्या धंद्यातले लोक म्हणायचे.

त्याने बांधलेली सगळ्यांत चांगली गाडी त्याची एकुलती एक लेक चालवायची. तिला घरात-दारात सगळे भिंगरी म्हणत. शेजारी बसून वाट सांगायला गुण्याचा भाचा असायचा, तिशीला टेकलेला, बँकेतली नोकरी सांभाळून शर्यतींना पळणारा.

मागच्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत खडकाच्या एका उंच पायरीवरून उतरताना गाडीचं नाक खाली गेलं ते वर आलंच नाही. मागची चाकं हवेत उचलली, गाडी क्षणभर पुढच्या बंपरवर उभी राहिली आणि कोलांटली. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही. भिंगरीचा डावा गुडघा मात्र डॅशबोर्डखाली चेपला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, नाक जड होतं हो."

गुण्याने मान खाली घातली. कारण हे वाक्य तो पहिल्यांदा ऐकत नव्हता. चार महिन्यांपूर्वी शेडमध्ये हात पुसता पुसता ती म्हणाली होती, "उतारावर पुढे ओढते गाडी. इंजिन थोडं मागे घ्या ना." आणि तो म्हणाला होता, "हंगाम संपू दे. आत्ता गाडी उघडली तर दोन शर्यती हातच्या जातील." तिनेही हट्ट धरला नव्हता. त्या दोघांखेरीज हे बोलणं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि दवाखान्यातही दोघांपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही.

त्यानंतर तीन आठवडे गुण्याच्या घशाखाली घास उतरेना. ताटावर बसायचा आणि उठायचा. शेडला कुलूप. गिऱ्हाइकं येऊन परत जायची. बायको समजावून थकली. मग एका सकाळी तो उठला, ती चेपलेली गाडी ओढून आणली, दार सताड उघडलं आणि पान्हे काढले. त्या दुपारी दोन वेळा भाजी मागून घेऊन जेवला. बायकोने लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे.

इंजिन मागे घेणं म्हणजे खाट सरकवणं नव्हे. चौदा इंच मागे न्यायचं तर इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा कापावा लागतो, इंजिनाचं ढुंगण थेट गाडीत घुसतं. त्याने पत्रा कापला. इंजिन ज्यांवर बसतं ती जुनी फाउंडेशनं ग्राइंडरने उडवली आणि चेसिसला नवी जोडली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करून आणला, पुढचा लांबवला. लेथवाला म्हणाला, "गुण्या, एवढ्या कटकटीपेक्षा नवी गाडी बांधशील की."

"हीच बांधायचीय," गुण्या म्हणाला.

गिअरचा दांडा आता चालकाच्या कोपराशी आला, तो वाकवून पुढे घेतला. रेडिएटरचे पाइप वाढवले. इंजिनावर नवा पत्रा ठोकला, आतून उष्णता अडवणारी चादर लावली. भाचा रविवारी यायचा, हातभार लावायचा.

"मामा, नाकापेक्षा मोती जड झाला होता आपला," तो एकदा हसत म्हणाला. गुण्या हसला नाही. भाच्याने पान्हा उचलून पुढचा बोल्ट आवळायला घेतला.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ बायको लेकीचा गुडघा वाकवायची. टाचेखाली रुमाल घालून सरकवायचा, दहा मोजायचे, सोडायचा. डॉक्टर म्हणाले होते, नव्वद अंशांपर्यंत वाकला तर पोरगी सगळं करेल. गुण्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पायऱ्यांवर बूट काढताना तो विचारायचा, "काय म्हणतोय गुडघा?" आणि आतून उत्तर यायचं, "बरा आहे."

सहाव्या महिन्यात पुढच्या आणि मागच्या चाकांखाली वजनकाटे लावून त्याने वजन बघितलं. पुढे आणि मागे जवळजवळ सारखंच. त्याने तीनदा बघितलं. मग काट्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. निम्मा वेळ चेपलेली गाडी सरळ करण्यात गेला होता; नुसतं इंजिन मागे घ्यायचं काम, लेक म्हणाली तेव्हाच धरलं असतं तर त्या शर्यतीआधी नक्की झालं असतं.

रविवारी सकाळी त्याने लेकीला शेडमध्ये आणलं. ती काठी टेकत आली. भाचा होता, बायको दारात उभी राहिली. भिंगरीने गाडीभोवती एक फेरी मारली, नव्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"सुंदर झालंय काम, बाबा."

"बस ना. क्लच मी हातावर घेतलाय. डाव्या पायाला कामच नाही."

ती पाठ करून सीटवर टेकली, उजवा पाय आत घेतला. डावा दोन्ही हातांनी उचलला. तो सरळच होता. पुढे इंजिनाचा फुगवटा होता, पाय त्याला अडला. तिने थोडा तिरका केला, तरी अडला. तिने मांडीखाली हात घालून वाकवायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"वाकव थोडा," गुण्या म्हणाला. "मी बसून बघितलंय, माझा मावतो."

"एवढाच वाकतो, बाबा."

"एवढाच म्हणजे?"

"चाळीस अंश," बायको दारातून म्हणाली. "तीन महिने झाले, चाळिसावर अडलाय. डॉक्टर म्हणाले, आता पुढे नाही जाणार."

गुण्याने खिशातून टेप काढली. लेकीच्या टाचेपासून पत्र्यापर्यंत माप घेतलं, मग सीटच्या मागे असलेल्या, गाडीच्या सांगाड्याच्या पाइपापर्यंत. सीट मागे सरकत नव्हती, पाइप आडवा होता. वर उचलली तर डोकं छताच्या पाइपाला लागत होतं. त्याने पुन्हा माप घेतलं, जणू टेप चुकली असावी.

"दोन आठवडे दे मला. इंजिन पाच इंच पुढे घेतो. पाच पुढे घेतलं तरी पहिल्यापेक्षा बरंच—"

"बाबा."

"पाच नाही तर सहा."

"बाबा, जागा असती तरी मी बसले नसते." तिने पाय बाहेर काढला. "टीव्हीवर उतार दिसला तरी मला ओकारी येते. आईला विचारा. मी आता नाही चालवणार."

भाचा उगाच चेनची गाठ सोडवत राहिला.

"मग मला सांगितलं का नाहीस?" गुण्या म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "सहा महिने मी इथे..."

"तुम्ही जेवायला लागला होतात," ती म्हणाली.

त्याने बायकोकडे बघितलं. तिने पदराला हात पुसले. "अहो, जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे मला रोज दिसत होतं. पण तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असतात तर मी दोघांना कसं उचललं असतं?"

लेक काठी घेऊन उठली, त्याच्या खांद्याला धरून उतरली आणि तशीच घरी गेली. बायको तिच्यामागे.

गाडी उगाच गंजत कशाला ठेवायची, असं शेवटी भिंगरीच म्हणाली. म्हणून नव्या हंगामात ती भाच्याने चालवली. शर्यत त्याच डोंगरावर होती. गुण्या गेला नाही. घराच्या ओट्यावर बसून त्याने दिवसभर एकाच लोखंडी कड्याला कानस मारली.

उन्हं कलताना भाचा चिखलाने माखलेली गाडी घेऊन आला. दुसरा आला होता. आनंद लपवायचा म्हणून तो पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलत होता.

"ती खडकाची पायरी?" गुण्याने विचारलं.

"उतरलो, मामा."

"मागची चाकं?"

भाचा थांबला. खोटं बोलावं की खरं, हा पेच त्याच्या तोंडावर दिसत होता. "उचललीच नाहीत," तो म्हणाला. "जमिनीला चिकटून उतरली."

गुण्याने मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "जेवून जा."

भाचा आत गेला. गुण्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला. चौदा इंचांनी गाडी उलटली नसती, हे त्याला आतापर्यंत वाटत होतं. आता ते कळलं होतं. वाटण्यात निदान थोडी पळवाट होती. तो परत ओट्यावर येऊन बसला.

लेक काठी टेकत बाहेर आली आणि त्याच्याशेजारी ओट्यावर बसली, पाय सरळ पुढे टाकून.

"तू सांगितलं होतंस मला," तो म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"हो."

तो वाट बघत राहिला. जाऊ द्या हो बाबा, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं असावं. ती म्हणाली नाही. खोटं सांगणं तिने आता सोडून दिलं होतं. ती उठूनही गेली नाही. आतून बायकोने दोघांना जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली.

गुण्याने त्यानंतर शर्यतीची गाडी बांधली नाही. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करतो. कोपरे अजून काटकोनात असतात.