बकुळाची पंगत

परळच्या त्या चाळीचा बालवाडीच्या लीलाबाईंवर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. शाळा म्हटली की पाटी, पेन्सिल आणि छडी. इथे पोरं सकाळभर तांब्यातलं पाणी पेल्यात ओततात, पेल्यातलं परत तांब्यात, गिरणीतल्या फुटक्या कांड्या दोरीत ओवतात, वाल आणि वाटाणे वेगळे करत बसतात. बाई घरचं धान्य फुकटात निवडून घेते, असं बायांचं ठरलं. एकीने पाळत ठेवली, तर लीलाबाई निवडलेले वाल-वाटाणे पुन्हा एकत्र कालवताना दिसल्या. मग तर संशय वाढलाच. निवडलेलं धान्य परत कालवणारी बाई सरळ कशी असेल?

सुंदराबाई खानावळ चालवायची. या चर्चेला तिला वेळ नव्हता. चार वर्षांची बकुळा तळमजल्यावर भजनी मंडळाच्या खोलीत भरणाऱ्या बालवाडीत गुंतून राहते, चुलीजवळ लुडबुडत नाही, एवढं तिला पुरे होतं. पण गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पुढे असलेल्यांना पोलीस घरांतून उचलू लागले आणि तिचा धाकटा भाऊ जयवंत तिच्या पोटमाळ्यावर येऊन लपला. तेव्हापासून जिन्यावरचं प्रत्येक पाऊल तिला परकं वाटायला लागलं.

कोंडीराम हा खानावळीतला सगळ्यात जुना मेंबर. जयवंत वर आहे हे बाहेरच्यांत फक्त त्यालाच ठाऊक. त्याने एक दिवस भाताबरोबर बातमीही कालवली. लीलाबाई गिरगावच्या बड्या घरातल्या, आणि त्यांचा भाऊ मनमोहन पोलीस कचेरीत कारकून आहे.

"एवढी शिकलेली बाई रोज गिरगावातनं परळात येती, ती काय मातीचं लाडू वळायला?" तो म्हणाला. "न्हाई वैनी, कायतरी हाय."

दुसऱ्या दिवशी चुलीवरची आमटी तशीच ठेवून सुंदराबाई बालवाडीच्या दारात जाऊन उभी राहिली. बकुळा पंगत मांडत होती. डब्यांची झाकणं म्हणजे ताटं, मातीच्या थापलेल्या भाकऱ्या. हे कोंडीरामकाकांचं, हे बुधाजीकाकांचं, असं मेंबरांचं नाव घेत एकेक ताट तिने नीट ओळीत ठेवलं. शेवटच्या झाकणात भाकरी ठेवली, त्यावर दुसरं झाकण उपडं घातलं आणि ते मागे सरकवून ठेवलं. त्याचं नाव घेतलं नाही. लीलाबाई शेजारी गालाला हात लावून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आणि सुंदराबाईला नेमकी त्याचीच भीती वाटली.

घरी तिने बकुळाला समोर बसवलं. ते झाकलेलं ताट शाळेत मांडायचं नाही, म्हणून बजावलं.

"मग मामा काय जेवणार?"

"मामा म्हणायचं नाही. आपल्याकडे मामा नाहीच."

बकुळाने वर पोटमाळ्याकडे बघितलं, मग आईकडे. वाढताना कुणाला विसरल्यावर मेंबर लोक बघायचे, अगदी तसं.

खरं तर खानावळीत झाकलेल्या ताटाचं कुणाला काय नवल? दुसऱ्या पाळीवाल्याचं जेवण रोज तसंच झाकून ठेवतात. सुंदराबाईच्या स्वतःच्याच हाताखालून अशी कितीतरी ताटं गेली होती. पण धास्तीने तिला आपलीच रीत आठवेना.

चार-पाच दिवसांनी दुपारी लीलाबाईच वर आल्या. सुंदराबाईने पाट दिला, पाणी दिलं आणि पोटमाळ्याच्या शिडीला पाठ लावून उभी राहिली.

"बकुळा पंगत मांडत नाही आता," बाई म्हणाल्या. "झाकणं हातात घेते आणि परत ठेवते. एका माणसाला एक ताट, हे तिला बोटांनी कळलं होतं हो. अजून आकडे येत नाहीत, पण माणूस सुटत नव्हता तिच्या हातून. घरी कोणी काही बोललं का तिला?"

"एवढीशी पोर. तिला काय बोलायचं?"

वर फळी करकरली. लीलाबाईंनी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं.

"ते झाकलेलं ताट मला दुसऱ्या पाळीवाल्याचं वाटायचं," त्या हळू म्हणाल्या. "ते बंद झालं तेव्हा मला शंका आली. मला आली तशी आणखी कुणाला यायला नको. मांडू द्या तिला."

बाई गेल्या. हा धीर होता की फास, ते सुंदराबाईला ठरवता येईना. ताट रोज मांडलं गेलं तर जयवंत आहे की नाही, हे बाईंना रोज कळणार. म्हणून त्याच संध्याकाळी पाळी सुटायच्या गर्दीत, कोंडीरामची टोपी घालून जयवंत कॉटन ग्रीनकडे निघून गेला. तिथल्या एका वखारीत कोंडीरामची ओळख होती. बकुळाला आईने एवढंच सांगितलं, मांड तुला हवी तशी पंगत.

सकाळी सुंदराबाई पुन्हा दारात. बकुळाने सगळ्यांची ताटं मांडली. एक झाकण हातात उरलं. ते तिने उलटसुलट फिरवलं, जरा विचार केला आणि टोपलीत परत टाकलं. मामा गेला असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पण काल रात्री शिडीवरून ताट वर गेलं नाही, हे तिने बघितलं होतं.

लीलाबाईंनी आधी टोपलीकडे बघितलं, मग दाराकडे. सुंदराबाईने पोरीच्या तोंडाला घातलेलं कुलूप पोरीच्याच बोटांनी उघडून दाखवलं होतं.

बाई उठल्या. टोपलीतलं झाकण काढलं, त्यात भाकरी ठेवली, वर दुसरं झाकण घातलं आणि पंगतीमागे ठेवून दिलं.

"बाई, तिथे कुणी नाही," बकुळा त्रासून म्हणाली.

"असू दे. उशिरा येणारं कुणीतरी असतंच."

बकुळाला ते मुळीच पटलं नाही. सुंदराबाईला अर्धंमुर्धं पटलं. वर येऊन तिने आमटी ढवळली, मीठ घातलं, पुन्हा एकदा घातलं. कोंडीराम जेवायला आला तेव्हा त्याच्या ताटात भात वाढता वाढता ती म्हणाली, "जयवंतला तिथून दुसरीकडे हलवा. आणि कुठे ते मला सांगू नका. मला कळलं की ते माझ्या हातात दिसेल, पोरगी ते बघेल आणि खाली जाऊन मांडेल."