आभाराच्या पानावरचा मुंजाभाऊ

“नाव टाका की बाई त्यांचं. मुंजाजी.”

महेश्वरीने टाकलं. मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, स्पेलिंग बदलून टाकलं. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावरची सूची काही दाद देईना.

“मावशी, हितं पुस्तकाचं नाव नाहीतर लिहिणाऱ्याचं नाव लागतंय. तुमच्या मालकांनी पुस्तक लिहिलं का?”

“न्हाई ओ. ते रोजंदारीवर व्हते, हितल्याच शेतावर. एक पोरगं ज्वारीवर कायतरी शिकायचं. जाताना म्हणलं, तुमचं नाव लिवलंय पुस्तकात. मालक पोळ्याला वारले. तवर म्हणायचे, जाऊन बघू एकदा.”

पेडगावहून सकाळच्या एसटीने आलेली कमलबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

“साल कोणतं?”

“माजी बबिता पोटात व्हती. आता बावीसची हाय ती.”

महेश्वरीने हिशेब केला. विषय ज्वारी, मागची-पुढची धरून तीन वर्षं. अकरा प्रबंध आले. सगळे तिनेच स्कॅन केलेले. कंत्राटावर होती तेव्हा दिवसाला चारशे पानं काचेवर पालथी घालायची. वाचायला सवड कुठली? पानांचे नुसते फोटो होते, त्यातली अक्षरं संगणकाला कळत नव्हती. आता डोळ्यांनीच बघायचं.

“डबा खाऊन घ्या मावशी, येळ लागंल.”

“तुमी बघा. बसते मी.”

महेश्वरी एकेका प्रबंधाचं आभाराचं पान उघडत गेली. मार्गदर्शक, विभागप्रमुख, आई-वडील, मित्र. पहिल्या पाचांत मजुरांचा उल्लेखच नव्हता. सहाव्यात ‘शेतावरील कर्मचारी’, बस्स. जेवणाची सुट्टी होऊन गेली. कमलबाई पडद्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होती.

नवव्यात, पान संपता संपता, ते नाव होतं. ओळ इंग्रजीत होती. महेश्वरीने आधी मनात वाचली, मग सावकाश मराठीत सांगितली.

“‘कणसं भरताना मुंजाभाऊंनी महिनाभर पाखरं राखली. ते नसते तर मोजायला माझ्याकडं एक दाणा उरला नसता.’”

“भाऊ लिवलंय?”

“हो. भाऊ.”

“तेवढं एकच पोरगं भाऊ म्हणायचं,” कमलबाई म्हणाली. “बाकी समदे, ए मुंज्या.”

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग बोट पुढे केलं. “कुठून कुठवर हाय नाव?”

महेश्वरीने तिचं बोट धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं.

सूचीत प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत टिपेचा एक रकाना असतो. इतक्या वर्षांत महेश्वरीने तो कधी भरला नव्हता. आज त्यात तिने मुंजाजींचं नाव लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. कुणी विचारलंच तर सांगू काहीतरी. मग तिने त्या पानाची प्रत काढली.

“घडी घालून देते, पिशवीत बसंल.”

“नगं बाई. नाव मोडंल.”

महेश्वरी खिडकीशी उभी राहिली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पिशवी खांद्याला अडकवून, दोन्ही तळव्यांवर तो कागद आडवा धरून कमलबाई फाटकाकडे चालली होती. समोरून मोटारसायकल आली तशी ती कडेला झाली, कागद छातीशी घेऊन थांबली, आणि गाडी गेल्यावर पुन्हा तशीच चालू लागली.