एका फटक्याने हरणं

पहिलं होल

गोल्फच्या मैदानावर टोबासाहेब, माझे वरिष्ठ, कानाशी लागले. "कुझुमी, हिरुकावासाहेबांशी एका फटक्याने हर. दहांनी नको, त्यांना कंटाळा येतो. त्यांची ऑर्डर मिळाली तर क्योतोत राहशील. नाहीतर उत्तरेची शाखा. बस बर्फ उपसत."

हरण्यात मी तरबेज. आणखी कशात तरबेज आहे, ते कंपनीला सात वर्षांत सापडलेलं नाही.

चौथं

घात झाला. चेंडू सरळ गेला.

पाचवं

पुन्हा सरळ.

सातवं

मुद्दाम डबक्यात मारला. दगडावर आपटून थेट हिरवळीवर! आमच्या कॅडी, साठीच्या ओरिएबाई, म्हणाल्या, "अहो, आज कुठल्या देवळात जाऊन आलात?"

जेवण

हिरुकावासाहेब हात धुवायला उठले. टोबासाहेबांनी टेबलाखाली माझा पाय तुडवला.

"साधं हरता येत नाही?"

"प्रयत्न करतोय, साहेब."

"कटलेट खाऊ नकोस. अंगात जोर येतो."

सहावं

(हे वर यायला हवं होतं. लाज वाटली.) खाली बिवा तळं चमकत होतं आणि मला खेळ आवडू लागला होता.

अठरावं

हिरुकावासाहेबांचा खेळ संपला. माझा चेंडू खड्ड्यापासून वीतभर. पडला तर मी एका फटक्याने जिंकणार. दोनदा चुकलो तर एका फटक्याने हरणार.

एवढ्या जवळचा चेंडू कोणी मारायला लावत नाही. समोरचा 'ओके' म्हणतो, चेंडू पडला असं धरतात. हिरुकावासाहेब उदारपणे हसले. "ओके! उचला, कुझुमी."

"नको साहेब. मारतोच."

चुकलो.

पुन्हा चुकलो. उजवीकडून.

ओरिएबाईंनी तोंडावर हात धरला. हिरुकावासाहेब बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिले.

"टोबा, सोळा वर्षं मी या डोंगरावर खेळतोय. तुमच्या माणसांना मी खरंच कधी हरवलंय का?"

टोबासाहेब कमरेत वाकले. वाकलेलेच राहिले.

आंघोळ

हिरुकावासाहेब आंघोळ न करता गेले. खेळानंतर आंघोळ न करता जाणारा माणूस ऑर्डर देत नसतो. आम्ही दोघं क्लबच्या हौदात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात.

"एकदाच चुकला असतास," टोबासाहेब म्हणाले, "तर बरोबरी झाली असती. बरोबरीवर कुणी संशय घेत नाही."

"सुचलं नाही, साहेब."

खरंच सुचलं नव्हतं. सात वर्षांत मला बरोबरी कुणी सांगितलीच नव्हती.

"बर्फाचे बूट घेऊन ठेव," ते म्हणाले आणि नाकापर्यंत पाण्यात बुडाले.