खांद्याला न बसलेला धक्का

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि या घडीला माझ्या नळीत काहीही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही निर्धास्त जवळ बसाल. तरीही बंदूक दिसली की शहाणी माणसे आधी तिचे तोंड कुठे वळले आहे ते पाहतात. तुम्हीही पाहून घ्या. मला राग येणार नाही.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. कारखान्यातले फारसे आठवत नाही. आठवते ते मोठ्या सरोवराकाठच्या गावातले खिळे-हातोड्यांचे दुकान. तिथल्या फळीवर मी उभी होते आणि माझ्या शेजारी माझी जुळी बहीण. एकाच ओंडक्यातले लाकूड, एकाच मापाची नळी. पानगळीच्या दिवसांत लाकूडगिरणीतले दोन मित्र आत आले. त्यांच्या खांद्यांवर भुसा तसाच होता. वाइनोने मला उचलले, रूडीने माझ्या बहिणीला.

"दोघं एकसारखीच घेऊ," रूडी म्हणाला. "तुझी काडतुसं संपली तर माझी मागता येतील."

"मागणार कोण ते गावाला ठाऊक आहे," वाइनो म्हणाला.

तेव्हा काडतुसे चिंतेची गोष्ट नव्हती. वाइनो दर वर्षी हिवाळ्याआधी त्याच दुकानातून एक खोका आणायचा, कणीक आणि कॉफी आणावी तसा. त्यातले एखाददुसरे उडायचे आणि घरात हरणाचे मांस यायचे. बाकीची तो गावाबाहेरच्या खाणीत डब्यांवर उडवून संपवायचा. साठवून ठेवायचे त्याच्या कधी मनात आले नाही. संध्याकाळी तो वाफेच्या खोलीत घाम गाळत बसायचा आणि त्याची बायको आइली स्वयंपाकघरात माझ्या नळीतून तेलाचा बोळा फिरवायची. कौतुक फार होत नसे. पण तिचा हात नेमका होता आणि मला तेवढे पुरे होते.

पुढे गिरणीच्या धुळीने वाइनोची छाती भरली. त्याला जंगलात चालवेना, तेव्हा त्याने मला आइलीच्या हाती दिले आणि मागच्या अंगणात तिला शिकवले.

"दोन गोष्टी," तो खोकत म्हणाला. "दुसऱ्याच्या हातचं भरलेलं काडतूस हिच्यात घालायचं नाही. कितीही चांगला माणूस असो."

आमच्याकडे पुष्कळ लोक तळघरात बसून उडालेली नळकांडी पुन्हा भरतात. नवी दारू, नवी गोळी. ज्याने भरले त्यानेच उडवायचे, अशी रीत आहे. सख्ख्या भावाने दिलेले काडतूसही लोक हसून परत करतात आणि त्याचा कुणी अपमान मानत नाही.

"दुसऱ्याच्या हातचं खाल्लं तर फार तर पोट बिघडेल," वाइनो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातचं उडवलं तर तोंड जाईल."

"आणि दुसरी गोष्ट?"

"ही खांद्याशी बोलते. बार झाला की आधी खांद्याला विचार, मग हरणाकडे बघ."

"तुझ्याशी इतकी वर्षं बोलले, तू कधी ऐकलंस?" आइली म्हणाली. वाइनो हसला आणि त्याला पुन्हा खोकला आला. पुढच्या बर्फाआधी तो गेला.

मग ते वर्ष आले, ज्यात सगळे तोंडाला फडके बांधून फिरत होते. लोक कशाला घाबरले होते ते मला नीट कळले नाही. पण माणसे घाबरली की काडतुसे विकत घेतात, एवढे मी तेव्हा पाहिले. ज्यांच्याकडे भरपूर होती त्यांनी आणखी घेतली. दुकानाच्या फळ्या उघड्या पडल्या. माझ्या मापाची काडतुसे जुनी, कमी खपाची. कारखान्यांनी ती बनवणेच थांबवल्याचे दुकानदार सांगे.

"गुरुवारी ट्रक येतो," तो आइलीला म्हणाला. "पण उजाडायच्या आत ये. ते लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बसतात."

ते लोक म्हणजे लायल आणि त्याचा गोतावळा. माणशी एकच खोका असा दुकानाचा नियम होता. म्हणून लायल बायकोला, सासूला, चुलतभावाला रांगेत उभे करी. सासूला बंदुकीचे कुठले टोक पुढे धरायचे तेही माहीत नव्हते. तोच माल दुपारी चर्चमागच्या आवारात त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर मांडलेला असे, चौपट भावाने.

आइलीचा फ्रीजर रिकामा होत आला होता. हरीण मिळाले तर तिचा हिवाळा निभावायचा. नाही मिळाले, तर सरोवराकाठच्या त्या लांबलचक थंडीत तिच्यापुढे डबाबंद शेंगा होत्या आणि मुलीकडे हात पसरणे होते. हात तिने कधी पसरला नव्हता. म्हणून शिकारीचा मोसम उघडण्याच्या आदल्या दिवशी ती चर्चमागे गेली. मी गाडीत मागच्या बाकावर होते. रूडीही आला होता.

"तुमच्या मापाचा एकच खोका उरलाय, मावशी," लायल म्हणाला. "नाही म्हणालात तरी चालेल. पलीकडच्या गावाहून माणूस निघालाय."

"तो माणूस गेले पंधरा दिवस निघालेलाच आहे," रूडी म्हणाला. "पोचत कसा नाही?"

"कारखान्याचाच माल ना?" आइलीने विचारले.

"खोक्यावर छापलंय की."

तिने एक काडतूस उचलून डोळ्यांजवळ नेले. पण तोंडावरच्या फडक्यामुळे श्वास वर चढला आणि चष्म्यावर धुके धरले. तिने चष्मा पुसला, धुके पुन्हा धरले. मागे दोघे-तिघे वाट पाहत उभे होते. तिने काडतूस परत ठेवले. पैसे पुरत नव्हते म्हणून बर्फाला भोक पाडायचे वाइनोचे गिरमिट तिने लायलला दिले. उरलेले रूडीने भरले आणि खोका दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला.

घरी आल्यावर तिने ती काडतुसे माझ्या पोटात भरली आणि माझ्या अंगावर काटा आला. मित्रांनो, कोरे नळकांडे आणि दुसऱ्या बंदुकीत एकदा उडून आलेले नळकांडे यांतला फरक मला स्पर्शाने कळतो. त्यांच्या कडेला ओरखडे होते. कुणीतरी, कुठल्यातरी तळघरात ती भरली होती आणि जुन्या छापील खोक्यात ठेवली होती. ते मला कळले होते, पण सांगायला तोंड नव्हते. माझे तोंड एकाच कामाचे.

सकाळी आइली नारिंगी कोट घालून देवदाराच्या फांद्यांच्या आडोशात बसली. खाली दलदलीच्या कडेला धुके होते. उजाडले तसे लांबून बार ऐकू येऊ लागले. प्रत्येक बाराबरोबर मी आत आकसत होते. हरीण येऊ नये असे मला प्रथमच वाटले.

हरीण आले. चांगला जाडजूड नर. आइलीने मला खांद्याशी घेतले, माझ्या दस्त्याला गाल टेकला आणि चाप ओढला.

फट् असा आवाज झाला. ओली काटकी मोडावी तसा.

आत दारू जवळजवळ नव्हतीच. गोळी कशीबशी निघाली आणि घशात घास अडकावा तशी माझ्या नळीच्या मध्यावर अडकून बसली. हरणाने कान उभारले. ते पळाले नाही. पळण्यासारखे त्याने काही ऐकलेच नव्हते.

नेम चुकला असे आइलीला वाटले असावे. तिने चापाभोवतीची कडी खाली ओढली. रिकामे नळकांडे बर्फावर पडले आणि दुसरे काडतूस वर आले. काडतुसावर आपटणारा घोडा ताणून उभा राहिला. आता चाप ओढला असता तर मागून येणाऱ्या गोळीला वाट मिळाली नसती. सगळी आग उलटी, माझे लोखंड फाडून, माझ्या दस्त्याला टेकलेल्या त्या गालात गेली असती. मी आयुष्यभर इतरांना भीती घातली. त्या क्षणी पहिल्यांदा भीती माझ्या आत भरली होती आणि बाहेरचे बोट चापावर होते. हरीण अजून आडवेच उभे होते.

तिचा श्वास रोखलेला मला जाणवला. बोट चापावर दाबले जात होते. आणि मग तिचा खांदा किंचित मागे झाला, यायचे होते पण न आलेल्या कुणाला शोधावे तसा.

"धक्का बसला नाही," ती पुटपुटली.

तिने बोट काढले. अंगठ्याने घोडा सावकाश खाली बसवला, काडतुसे बाहेर काढली, उजेडाकडे धरून माझ्या नळीतून पाहिले. उजेड दिसला नाही. ती बर्फात तशीच बसून राहिली आणि हरीण दलदलीत निघून गेले.

मग ती एकदम उठली. "रूडी," ती म्हणाली.

रूडीचा आडोसा टेकडीपलीकडे होता. त्या वयात ती धावत सुटली, पडली, पुन्हा धावली. मी तिच्या पाठीवर, घशात शिसे घेऊन. जंगलात बार होत होते. एक बार टेकडीच्या बाजूने आला तेव्हा ती जागीच थांबली. पुढचे पाऊल तिला टाकवेना. मला माझी बहीण आठवत होती, दुकानातल्या फळीवर माझ्याशेजारी उभी.

रूडी आडोशात बसून मांसाचे सारण भरलेली करंजी खात होता.

"हरणं पळवायला आलीस?"

"उडवलंस का एखादं?"

"कशाला उडवू?" तो म्हणाला. "एक आलं होतं. पण एवढ्या महागाची गोळी, आइली, नेम धरला आणि मन होईना. म्हटलं जाऊ दे, याहून मोठं येईल."

आइली हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. रूडीच्या हातातली करंजी तशीच राहिली.

दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी सगळी काडतुसे पकडीने उघडली. काहींत दारू चिमूटभर. काहींत काठोकाठ, गोळीने दाबून बसवलेली; तेवढ्या दारूने नळीच फुटते. माझ्या बहिणीच्या नळीतून निघालेले त्यातलेच होते.

"हे मी सकाळपासून गालाला लावून बसलो होतो," रूडी म्हणाला.

आइली लायलकडे गेली, तेव्हा त्याने गिरमिट परत केले. "मला काय ठाऊक, मावशी? मीपण विकतच घेतले. एका मेलेल्या माणसाच्या तळघरातले होते."

"आणखी किती खोके होते?"

"वेगवेगळ्या मापांचे. बरेच."

"कुणाकुणाला दिलेस?"

त्याने जमिनीकडे पाहिले. "रांग होती. तोंडं बांधलेली. आठवत नाही."

त्या रविवारी चर्चच्या कॉफीच्या वेळी आइलीने एकेका टेबलाशी जाऊन सांगितले. काहींनी घरी जाऊन आपली काडतुसे पाहिली. काही म्हणाले, तिने दुसऱ्याच्या मालाची बदनामी चालवली आहे, स्वस्तात घ्यायचा असेल. जे चर्चला येतच नसत त्यांना सांगणार कोण?

माझ्या नळीतली गोळी पितळी गजाने ठोकून काढली. जिथे ती अडकली होती तिथे आतून पुसटसे वळे उमटले आहे. आइलीने मला खुंटीवर टांगले आणि त्या हिवाळ्यात उतरवले नाही. वाइनोच्या गिरमिटाने तिने गोठलेल्या सरोवराला भोक पाडले आणि मासे खाल्ले. हरणाइतके नाही, पण मुलीकडे हात पसरावा लागला नाही.

मित्रांनो, बंद वस्तूवर काय छापले आहे ते आत काय आहे हे सांगत नाही. टंचाईत तर मुळीच नाही. चष्म्यावर धुके असेल तर बाहेर उजेडात जा, मागचे थांबतील. आणि रोज हाताळता ती वस्तू एक दिवस नेहमीसारखी बोलली नाही, तर पुढे जाऊ नका, थांबून तिला विचारा. आम्हाला सांगता येते ते एवढेच.

आता पुन्हा पानगळ संपली आहे. मोसम उघडला की जंगलात बार होतात. प्रत्येक बाराला ताटे विसळणारा आइलीचा हात पाण्यात थांबतो. पाठोपाठ दुसरा बार नीट, मोकळा, टेकड्यांवरून घुमत गेला की ती पुन्हा ताट विसळू लागते. पण कधी कधी लांबून फट् असा आवाज येतो, ओली काटकी मोडावी तसा. तेव्हा आम्ही दोघी श्वास धरून ऐकत राहतो, आणि तिकडे कुणीतरी पुन्हा चापाकडे बोट नेऊ नये एवढेच मागतो.