दिगंबररावांचं नाक

विद्यानगरच्या त्या घरात वाइनचा निवाडा जेवणाच्या टेबलावर होत असे. द्राक्षांचा मळा आणि वायनरी शहराबाहेर, मेडचलच्या पुढे. तिथे स्टीलच्या टाक्या होत्या, प्रयोगशाळा होती, पाहुण्यांसाठी एसी खोलीसुद्धा होती. पण कोणत्या टाकीतलं कशात किती मिसळायचं हे ठरायचं ते घरी, रविवारी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. "टाकीपाशी उभं राहून वाइन कोण पितं? माणसं जेवताना पितात. मग जेवतानाच ठरवा," असं दिगंबररावांनी पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं, आणि त्यांनी एकदा जाहीर केलं की त्या घरात फेरविचार होत नसे.

वडिलांच्या अनाबेशाही द्राक्षांच्या मांडवाशेजारी त्यांनी शिराज आणि काबर्ने लावली, तेव्हा भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. अनाबेशाही खायची द्राक्षं, अफझलगंजच्या बाजारात डोळे मिटून विकली जायची. ही बारक्या मण्यांची, जाड सालीची काळी द्राक्षं घेऊन करायचं काय? ती बोलणी दिगंबररावांच्या नाकाने बंद केली. टाकीचं झाकण उघडलं की ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, यात जांभूळ आहे, यात काळी मिरी, ही अजून कच्ची आहे, महिनाभर हात लावू नका. त्यांचं सहसा चुकत नसे. 'दिगंबररावांचं नाक' ही गोष्ट आबिड्सच्या हॉटेलवाल्यांपर्यंत पोचली होती आणि ती आणखी पोचवण्यात खुद्द दिगंबरराव कुठेही कमी पडले नव्हते.

ते नाक गेली तीन वर्षं बंद होतं.

ताप आला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. येईल परत, म्हणून त्यांनी काही महिने वाट पाहिली, मग कोणाला न सांगता डॉक्टर गाठला, मग तेही सोडलं. घरात मात्र ब्र काढला नाही. मुलगा वरुण विक्री बघत होता. सून सुप्रिया वाइनचं शास्त्र शिकून आलेली, टाक्या सांभाळत होती. मग आपण काय करायचं? गच्चीवर ज्वारी राखत बसायचं? वास येत नाही हे कळलं की या टेबलावरची आपली खुर्ची गेली, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून त्यांनी शक्कल काढली होती. ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "सुप्रिया, आधी तू सांग. शिकलेल्यांनी आधी बोलावं." ती बोलली की गंभीरपणे मान हलवायची. शिराज असली की शेवटी "आणि जांभूळ" जोडून द्यायचं. जिभेला आंबट, तुरट, कडू, तिखट अजून कळत होतं, आणि नशिबाने बायको, कुसुमताई, त्याच सुमारास दर नमुन्याबरोबर काहीतरी खायला ठेवू लागल्या होत्या. चिंचेच्या खट्ट्या दाळीपुढे पांढरी शेनिन पाणचट लागली तर तिच्यात आंबटपणा कमी. शेंगदाण्याच्या चटणीवर लाल वाइनचा तुरटपणा मऊ झाला तर ठीक, तसाच दातांना चिकटून राहिला तर अजून थांबा. मिर्ची का सालन खाऊन घोट घेतल्यावर घसा पेटला तर मद्यार्क जास्त. हे गणित आपण स्वतः शोधून काढलं याचा दिगंबररावांना मोठा अभिमान होता. नाक नसतानाही आपण सगळ्यांना कसे खेळवतो आहोत, असं वाटून ते कधीकधी मिशीत हसतही.

त्या रविवारी लाल वाइनचं ठरायचं होतं. शिराज आणि काबर्नेची तीन मिश्रणं, तीन बाटल्या. त्यातली एक निवडायची आणि दुसऱ्या दिवशी मळ्यावर बाटल्या भरायला घ्यायच्या. टेबलावर बगारा बैंगन होतं, तळलेलं गोश्त होतं, चटणी होती. आत कुसुमताई भाकऱ्या थापत होत्या आणि सुप्रिया भाजत होती. वरुणने ग्लास भरले.

सुप्रिया बाहेर येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण भूक लागली होती आणि गोश्त समोर होतं. दिगंबररावांनी पहिला ग्लास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याच्या घोटाने गोश्ताची चरबी जिभेवरून स्वच्छ धुऊन निघाली, तुरटपणा भाकरीच्या घासात विरघळला आणि चव गिळल्यावरही रेंगाळत राहिली. त्यांना राहवेना.

"हीच!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "हीच भरायची उद्या. वा, काय वास आहे! जांभूळ नुसतं घमघमतंय!"

वरुण आपल्या ताटातल्या वांग्याकडे बघत बसला. सुप्रिया भाकऱ्या घेऊन बाहेर आली, तिने तिसरा ग्लास उचलला आणि नाकापासून चटकन लांब केला. मग सासऱ्यांकडे न बघता अगदी हळू म्हणाली, "बाबा, दोन नंबर पुन्हा एकदा घेऊन बघता का?"

"का? तिसरीत काय खोट आहे?"

"खोट नाही... म्हणजे..."

"वरुण, तू बोल. तोंडात मूग आहेत का?"

"क्या की बाबा," वरुण खुर्चीत चुळबुळला. "परवा तर एकदम ठीक होती. आज जरा स्मेल येतोय. सडलेल्या अंड्यासारखा."

दिगंबररावांच्या कानशिलांवर रक्त चढलं. सडलेल्या अंड्याला आपण जांभूळ म्हणालो. ओशाळून त्यांनी तिघांकडे पाहिलं आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कोणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मुलगा अवघडला होता, सून कळवळली होती, दारात पिठाच्या हातांनी उभी असलेली बायको शांत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"हौ," कुसुमताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ताप उतरला त्याच महिन्यापासून. दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या घरात धूर, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. मग मी गजरा आणला आणि तुमच्या नाकाशी धरला. तुम्ही म्हणालात, वा, काय सुंदर वास! अहो, अबोलीचा गजरा होता तो. अबोलीला वास असतो का?"

वरुणला हसू आवरेना. दिगंबररावांना मात्र संताप आला. तीन वर्षं! म्हणजे आपण डोळे मिटून माना डोलवत होतो आणि ही मंडळी तमाशा बघत होती! खुर्ची मागे सारून ते उठलेसुद्धा. "मग सांगायला काय झालं होतं? मला वेडा बनवत होता?"

"बसा," कुसुमताई म्हणाल्या. "जेवण टाकून उठू नका. दर रविवारी चटणी वेगळी, दाळ वेगळी, कशासाठी करत होते मी? मला काय दुसरं काम नव्हतं? नाक नाही तर नाही, जीभ आहे ना, म्हटलं. कशाबरोबर काय ठेवलं की तुम्हाला काय कळेल, ते सुप्रिया मला मळ्यावरून फोनवर सांगायची आणि मी रांधायची. घरात वाइनच्या थेंबाला न शिवणारी मी, मला शेनिनचा आंबटपणा पाठ झालाय."

दिगंबरराव खाली बसले. ज्या गणिताचा ते तीन वर्षं अभिमान बाळगत होते, ते असं या दोघींनी स्वयंपाकघरात मांडलेलं होतं. त्यांना सुप्रियाचं आठवलं. ती वास सांगताना नेहमी जरा लांबण लावायची, एकेक वास वेगळा करून, जणू परीक्षकापुढे उभी आहे. तेव्हा त्यांना वाटायचं, पोरीला बोलायची हौस फार. ती त्यांच्यासाठी बोलत होती. त्यांचा राग गेला.

त्यांनी तिसरा ग्लास पुढे ओढला.

"पण जिभेला हीच बरी लागतेय," ते पुटपुटले. "वास आजच आला ना? म्हणजे ताजा आहे, वाइन तांब्याला लागली की जाईल."

"हो बाबा, जायला हवा," सुप्रिया म्हणाली. "उद्या लॅबमध्ये टेस्ट करते. फक्त वास गेल्यावर खाली काय उरतं, ते आत्ता कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मग आत्ताच बघू. तांब्याचं भांडं आणा एखादं."

स्वयंपाकघरात तांब्याचं भांडं नव्हतं. पाण्याला फिल्टर आला तसे हंडे-कळशा वाटून टाकल्या होत्या. वरुण विजेच्या तारेचा तुकडा शोधायला उठला, तेवढ्यात कुसुमताईंनी हात धुतले, देवघरात गेल्या आणि तांब्याचं पळी-पंचपात्र घेऊन आल्या. सकाळीच चिंचेने घासलेलं, लखलखीत.

"आई, नक्को!" वरुण दचकला. "देवाचं आहे ते."

"देवाला मी सांगते. ओत."

सुप्रियाने वाइन ओतली आणि पळीने ढवळत राहिली. चौघंही वाकून बघत होते. जरा वेळाने तिने पंचपात्र नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"गेला! बाबा, गेला. आता जांभूळ आहे, खरंच आहे. मागे काळी मिरी. आणि अगदी शेवटी... भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली की येतो ना, तो खरपूस वास."

दिगंबररावांनी डोळे मिटले. या वेळी सोंग नव्हतं. ती सांगत गेली आणि त्यांना एकेक वास आठवत गेला.

"तुमची निवड बरोबर होती," सुप्रिया म्हणाली. "तिन्हींत हीच."

"कुसुम," दिगंबरराव म्हणाले. "सुप्रिया, तूही ऐक. तुम्ही मला तीन वर्षं या खुर्चीवर बसवून ठेवलंत आणि मला कळूही दिलं नाहीत. याचे उपकार मी कसे मानू?"

"कळू दिलं असतं तर ग्लास हातात घेतला असता का?" कुसुमताईंनी विचारलं.

"नसता घेतला."

"मग जेवा आता. भाकरी गार झाली."

दुसऱ्या दिवशी सुप्रियाने सकाळी त्या मिश्रणाची सगळी टाकी तांब्याने दुरुस्त केली आणि दुपारी बाटल्या भरायला सुरुवात झाली. आबिड्सच्या एका हॉटेलचे मालक, नामदेवराव, मुद्दाम मळ्यावर आले होते. त्यांनी सगळ्या कामगारांदेखत ग्लास दिगंबररावांपुढे धरला आणि विचारलं, "काय साहेब, नाक काय म्हणतंय यंदा?"

सुप्रिया लगबगीने पुढे झाली. दिगंबररावांनी तिला हाताने थांबवलं.

"माझं नाक तीन वर्षांपूर्वीच गेलं, नामदेवराव," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "वास सुनेला विचारा. बरोबर काय खायचं ते आमच्या हिला विचारा. चव मात्र मला विचारा, ती मी सांगेन."

आणि त्यांनी सुप्रियासाठी शेजारची खुर्ची ओढली.